भिंतीतल्या सॉकेटमागची गाठ

मामा,

हॉलच्या भिंतीतला टीव्हीचा सॉकेट मी अखेर उघडला. गेल्या रविवारी सकाळी, स्वतःच्या हातांनी. तुम्ही असता तर ते होऊ दिले नसते, हे आता मला समजते. "राहू द्या की सर, चालतंय तवर चालू द्या," असे म्हणत तुम्ही माझ्या आणि भिंतीच्या मधे येऊन उभे राहिला असता, आणि मी माझ्या सवयीप्रमाणे काही न बोलता बाजूला झालो असतो. आपल्या दोघांमधले बरेचसे प्रसंग असेच पार पडले. तुम्ही एखादे वाक्य बोलायचात, मी मान हलवायचो, आणि सासऱ्या-जावयाचे नाते सभ्यपणे निभावले जात आहे, असे मला वाटायचे.

तुम्ही मला शेवटपर्यंत 'सर' म्हणालात. हायस्कुलात भूगोल शिकवणाऱ्या माणसाला गल्लीतले सगळेच सर म्हणतात. पण सासऱ्याने म्हणावे असे ते संबोधन नव्हे. मी वळसंगच्या शेतकरी घरातला, तुम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले तेलुगू विणकर. अरुणाने मला निवडले तेव्हा तुम्ही लग्न अडवले नव्हते आणि वाजतगाजत लावूनही दिले नव्हते. पुढे सगळे सुरळीत झाले. मी सासूबाईंना तुमच्या पद्धतीने अत्तम्मा म्हणू लागलो, तुमच्या घरचे आंबट वरण मला आवडू लागले. ते 'सर' तेवढे तसेच राहिले, आणि ते काढून टाका असे मीही कधी म्हटले नाही. खरे सांगायचे तर ते मला थोडे आवडतही होते.

तुमचा माग बंद झाला, जिना चढताना दम लागू लागला, तेव्हा अरुणाने तुम्हा दोघांना जवळजवळ ओढूनच आमच्याकडे आणले. एकुलती एक लेक. दुसरे कोण आणणार? पण लेकीच्या घरचे पाणीसुद्धा जपून प्यावे, असे मानणारी तुमची पिढी. पूर्व भागातली तुमची खोली तुम्ही सोडली नाही. "असू द्या की. परत जायला एक दार पायजे," म्हणालात. मी तेव्हाही मान हलवली.

आमच्याकडे आल्यावर तुम्ही टीव्हीवर काय पाहाल याचा मी अंदाज बांधला होता, आणि तो सपशेल चुकला. तेलुगू सिनेमे अत्तम्मांनी पाहिले. तुम्ही शेतीचे कार्यक्रम पाहिलेत. जन्मभर चादरी विणलेल्या, एक गुंठा जमीन नावावर नसलेल्या माणसाने कांद्याच्या रोपवाटिकेत इतके रमावे! रात्री जेवताना तुम्ही मला बातमी द्यायचात, "सर, वळसंगला भावाला फोन करा. डाळिंबावर तेल्या येतोय म्हणं." मी हसायचो. फोन मी कधी केला नाही. तुम्ही मात्र चार दिवसांनी न चुकता विचारायचात, "फवारलं का भावानं?" आणि मी "हो" म्हणायचो.

आणि मग टीव्हीचा तो उन्हाळ्यातला आजार. आमच्या घरात कूलर लावला की टीव्ही जायचा. आधी पडद्यावर चित्राचे चौकोन चौकोन फुटायचे, मग 'सिग्नल नाही' अशी पाटी यायची, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हाने भिंत तापली की सारे काही आपोआप पूर्ववत. संध्याकाळी मी शाळेतून घामाघूम होऊन यायचो, खिडकीतला कूलर लावायचो, आणि थोड्याच वेळात तुमचा शेतकरी वाक्य अर्धे टाकून नाहीसा व्हायचा.

"हवामान खराब असेल सर," तुम्ही उठता उठता तुमच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणायचात.

बाहेर सोलापूरचे मे महिन्यातले आभाळ. ढगाचा ठिपका नाही.

"मामा, आभाळ तर स्वच्छ आहे."

"हितं स्वच्छ हाय. वर खराब असेल की. आपल्याला खालनं काय दिसतंय?"

भूगोलाच्या शिक्षकाला हे ऐकवण्याची तुमची हिंमत मला आजही थक्क करते. दुपारी मी घरी असलो तर वाद कूलरवरून व्हायचा. तुम्ही तो लावूच द्यायचा नाहीत. पत्र्यावर पापड भाजून निघावा अशा त्या दुपारी गंजीफ्रॉक भिजवत बसून राहायचात आणि सांगायचात, "मागाच्या खोलीत आमी पंखा लावत नव्हतो सर. वाऱ्यानं सूत सुकतंय, तटातट तुटतंय. जन्म तसाच गेला. मला गार वारं सोसत न्हाई." मी यावर विश्वास ठेवला. इतकेच नव्हे, तर शिक्षकांच्या खोलीत मी ते सांगितलेही. श्रमाची सवय माणसाच्या शरीरात कशी मुरते, याचे उदाहरण म्हणून.

एकदा मी डिशवाल्याला बोलावले. त्या दिवशी सकाळपासून तुम्ही कूलरच्या बटणाला कुणाला हात लावू दिला नाहीत. डिशवाला गच्चीवर गेला, छत्री हलवून पाहिली, खाली आला. टीव्ही आरशासारखा स्वच्छ. "सगळं ओक्के हाय की," म्हणून तो जायला निघाला, तेव्हा तुम्ही त्याला आग्रहाने सरबत पाजलेत. माझ्या पाहुण्यांचीही तुम्ही इतकी उस्तवार कधी केली नव्हती. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

थंडी सरता सरता तुम्ही गेलात. झोपेतच, कुणाला हाक न मारता. त्याविषयी मी इथे लिहिणार नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

या उन्हाळ्यात कूलर लावायला कुणाचीच हरकत नव्हती. लावला. टीव्ही गेला. आणि या वेळी दुपारच्या उन्हानेही तो परत आला नाही.

त्याच सुमारास अत्तम्मांनी सांगून टाकले, "ह्यांचं दुसरं मासिक श्राद्ध झालं की मी खोलीवर जाते." अरुणा रडली, रागावली. "अम्मा, तिथे एकटी काय करणार आहेस?" अत्तम्मा म्हणाल्या, "हे होते तवर ठीक होतं. दोघं मिळून लेकीच्या घरी ऱ्हायलो तर पाहुणे. एकटी ऱ्हायले तर वझं." अरुणाने माझ्याकडे पाहिले. मी काय म्हणालो, ते लिहायला मला आज जड जाते आहे. मी म्हणालो, "त्यांच्या मनाविरुद्ध आपण कसं ठेवायचं?" आवाज अगदी मृदू होता. ऐकणाऱ्याला तो आदर वाटला असता. मला स्वतःलाही तो आदरच वाटला.

वास्तविक अत्तम्मा मला हव्या होत्या. त्या असल्या की अरुणा मोठ्याने बोलते, स्वयंपाकघरातून तेलुगूत भांडल्याचे आवाज येतात, आणि बारीक आवाजात बोलणाऱ्या माणसाच्या घराला आवाज येतो. हे सगळे मला ठाऊक होते, आणि सांगायला फक्त एक वाक्य लागले असते.

शुक्रवारी जेवताना मी सहज म्हणालो, "रविवारी तो सॉकेट उघडून बघतो. बिघाड भिंतीतच असणार." अत्तम्मांचा घास हातातच राहिला. तो ताटात ठेवून त्या अरुणाला म्हणाल्या, "मासिकापत्तोर कशाला थांबायचं? रविवारीच जाते. ऊन उतरलं की रिक्षा बोलवा." मी या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध लावला नाही. मला वाटले, दुःख माणसाला अधीर करते.

रविवारी सकाळी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा सॉकेट, कनेक्टर आणि टेप घेऊन आलो. तार कशी सोलायची, ते दुकानदाराने दाखवून दिले. टीव्हीचे टेबल बाजूला केले, भिंतीतल्या पट्टीचे स्क्रू काढले, पट्टी हलकेच पुढे ओढली. मागे गंज, वाळवीची माती किंवा उंदराने कुरतडलेली केबल दिसेल, अशी माझी अपेक्षा होती. दिसले ते वेगळेच. केबल मधेच तुटलेली होती आणि कुणीतरी ती जोडली होती. मधल्या तांब्याच्या तारेला गाठ होती. विणकर तुटलेल्या धाग्याला मारतो ती बारीक, चपटी गाठ. भोवतालच्या तारांची जाळी वेगळी काढून पिळली होती. या दोहोंचा स्पर्श होऊ नये म्हणून मधे टेप गुंडाळायला हवी होती, त्या जागी मरून रंगाचे सूत होते. मागाच्या कांडीवर भरावे तसे एकसारखे, वेढ्याला वेढा लागून, शेवटचे टोक आत असे दडवलेले की शोधूनही सापडू नये.

चादरीचे सूत. या घरात ते हात एकाच माणसाचे होते.

मग सगळे उलगडत गेले. खिडकीतल्या कूलरचे पाणी त्या भिंतीत झिरपते. सूत ते पाणी पिते. ओले सूत तार आणि जाळी एक करून टाकते आणि टीव्ही जातो. दुपारी भिंत तापते, सूत वाळते, टीव्ही येतो. मामा, सूत पाणी पिते हे मी तुम्हाला सांगायचे का? तुम्हाला ते पहिल्या उन्हाळ्यातच कळले असणार. गार वारे तुम्हाला उत्तम सोसत होते.

मागे चाहूल लागली. अत्तम्मा उभ्या होत्या. त्यांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती.

"मी तोडली ती," त्या म्हणाल्या.

"काय?"

"वायर. मी तोडली. ह्यांनी न्हाई. ह्यांच्यावर राग धरू नका."

मग त्यांनी उभ्या उभ्याच सांगितले. "नवीन नवीन आलेलो की आमी. म्हटलं, बसून कसं खायचं, झाडून तरी काढू. टेबल वडलं तर वायर ताणली, आन् सगळं डबडंच भायेर आलं. तुमची शाळा सुटायची येळ. जावयाच्या घरची वस्तू मोडली! ह्यांनी पिशवीतनं सूत काढलं, मला म्हणले, तू आत जा. तुमी आला तवा टीव्ही चालू होता."

"मग मला सांगायचं ना, अत्तम्मा. मी काय ओरडलो असतो?"

"तेच की! ह्यांनीबी तेच म्हणले. सर ओरडणारे असते तर सांगितलं असतं. ओरडला माणूस की संपतंय. सर गप बसतील. मग ते गप बसणं आपण किती दिवस बघत बसायचं?"

मामा, वर्गात गोंधळ झाला की मी बोलायचा थांबतो आणि खिडकीबाहेर पाहू लागतो. बघता बघता वर्ग चिडीचूप होतो. छडी नाही, आरडाओरडा नाही. शाळेत माझ्या या पद्धतीचे कौतुक आहे. त्या शांततेत बसलेल्या मुलांना काय वाटत असेल, हे मी इतक्या वर्षांत कधी विचारले नाही. तुम्ही माझ्या वर्गात कधी आला नाहीत, पण तुम्हाला ते बरोबर कळले होते. तुमचा माझ्याविषयीचा अंदाज चुकीचा होता, असे म्हणता आले असते तर मला फार बरे वाटले असते.

तरी माझी एक तक्रार आहे, आणि आज ती मी मोठ्याने करतो. एकदा सांगून तर पाहायचे होते. कदाचित मी हसलो असतो. हसलो नसतो तर तुम्ही मला झापायचे होते. सासरे होतात, तेवढा अधिकार होता. तुम्ही त्या खिडकीशेजारी घाम पुसत बसलात, आणि मी समोर राहूनही काही विचारले नाही. या वादात दोघांपैकी कोण जास्त चुकले, हे ठरवायला तुम्ही उरला नाहीत. म्हणून तूर्त चूक माझी. पण बायकोच्या हातून मोडलेली वस्तू तिच्या नावावर येऊ नये म्हणून एखादा माणूस कितीतरी उन्हाळे उकाड्यात बसून राहतो, वर 'मला सोसत नाही' असे सांगतो, हे मला माझ्याच घरात पाहायला मिळाले, याबद्दल मी तुमचा ऋणी आहे.

हे सारे मनात चालू असताना मी जमिनीवर बसून होतो, हातात पट्टी धरून. स्वयंपाकघराच्या दारातून अरुणाचा आवाज आला, "अहो, आत्तासुद्धा गप्पच बसलाय तुम्ही!"

मी दचकून अत्तम्मांकडे पाहिले. त्यांनी पदराचे टोक मुठीत घट्ट धरले होते.

"अत्तम्मा," मी म्हणालो, "ही गाठ सोडवायची कशी?"

त्या जवळ येऊन वाकल्या. "ती सुटत न्हाई. सुटली तर गाठ कसली? कापा."

"मग उजेड धरा."

त्यांनी माझा मोबाइल घेतला आणि उजेड थेट माझ्या डोळ्यांत धरला. "भिंतीवर धर ना अम्मा," अरुणा म्हणाली. "धरते की, मास्तरांचं डोकं मधे येतंय," अत्तम्मा म्हणाल्या. मी गाठ कापली. तांबे हिरवे पडले होते. भिंतीत केबल थोडी शिल्लक होती. ती पुढे ओढून सोलली, जाळी मागे दुमडली, कनेक्टर बसवला, नवा सॉकेट जोडला, टीव्ही लावला. काळा पडदा. पुन्हा सगळे काढले, पुन्हा बसवले. काळा पडदा.

"ह्यांचं दोऱ्याचं तरी चालत होतं की," अत्तम्मा म्हणाल्या.

अरुणा फस्सकन हसली. तुम्ही गेल्यानंतर ती पहिल्यांदाच हसली, मामा. मग अत्तम्मा हसल्या आणि आपण हसलो म्हणून घाबरल्या. मग मी हसलो तेव्हा त्यांची भीती गेली. जाळीची केसाएवढी एक तार मधल्या तारेला टेकली होती. ती काढली, आणि कुठल्याशा साबणाची जाहिरात लागली. आम्ही तिघांनी ती शेवटपर्यंत पाहिली.

कापलेला तुकडा मी खिशात ठेवत होतो. अत्तम्मांनी तो काढून घेतला आणि केराच्या टोपलीत टाकला. "कचरा कशाला जपायचा?" तुम्हीही हेच म्हणाला असता, म्हणून मी तो परत उचलला नाही.

आणि मग ते वाक्य मी बोललो. तयारी केली नव्हती, त्यामुळे ते चांगले बांधले गेले नाही. "अत्तम्मा, तुम्ही जाऊ नका. तुम्ही गेलात तर मला आवडणार नाही. मला म्हणजे, मला." त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उचलून खिडकीत ठेवला, टेबलाखालची धूळ झाडली. ऊन उतरले. रिक्षा बोलवा, असे त्या म्हणाल्या नाहीत. पण पिशवीही उघडली नाही. सोमवारी ती दाराशीच होती. मंगळवारीही. मी शाळेतून आलो की आधी दाराशी पाहायचो.

बुधवारी मी घरात शिरलो तर त्या बाजारातून आलेली कैऱ्यांची टोपली उपसत बसल्या होत्या. कैऱ्या अरुणाने आणल्या होत्या.

"ह्या असल्या पिवळ्या कैऱ्या! लेक मास्तरीण झाली, पण कैरी कळंना. जावई, उद्या तुमी जावा. हिरव्या, टणक, आंबट बघून आणा. आन् बाजारात फोडून घेऊ नका, कोयीचा चुरा करतेत. मी फोडते घरी."

"किती आणू?"

"वर्षाचं घालायचंय. आवकाया. त्या अंदाजानं आणा."

अरुणा हातातले काम सोडून उभी राहिली. "अम्मा, या वर्षी आपल्याला सण नाहीत ना?"

"लोणच्याला सण कशाला लागतोय? भाताबर काय खाणार वर्षभर, टीव्ही?" मग त्यांनी कनवटीची किल्ली सोडून माझ्यापुढे धरली. "खोलीतनं मोठी बरणी आणा. चिनी मातीची, माळ्यावर हाय, बघून उतरवा. तुमच्या घरात सगळ्या बाटल्या हायेत, त्यात लोणचं मुरत न्हाई." मी किल्ली घेतली आणि निघालो. दारातून त्यांनी मला थांबवले. "आन् येताना किल्ली मालकाला देऊन या. आता तिचं काय काम?"

मी गेलो, मामा. तुमच्या खोलीत मी पहिल्यांदाच एकटा उभा होतो. शेजारच्या कारखान्यातल्या मागांचा आवाज भिंतीतून येत होता, आणि तुम्ही इतके मोठ्याने का बोलायचात, हे मला तिथे कळले. बरणी उतरवली, पुसली, एका जुन्या चादरीत गुंडाळली. वळसंगला भावाला तिथूनच फोन केला. डाळिंबाचे विचारले. तो म्हणाला, डाळिंबाची बाग काढून टाकून दोन वर्षं झाली, तुला आज काय झालं? मी म्हणालो, मामांनी विचारायला सांगितलं होतं.

खाली मालक ओसरीत बसले होते. मी किल्ली त्यांच्या हातात दिली. ते म्हणाले, "काय हो सर, मावशी येणार म्हणून आमी खोली झाडून ठेवलेली. मग आता लेकीकडंच का?"

एका शब्दात उत्तर देऊन निघता आले असते. मी बरणी पायरीवर ठेवली आणि सांगू लागलो. सॉकेटचे सांगितले, कूलरचे सांगितले, सुताच्या गाठीचे, सरबत प्यालेल्या डिशवाल्याचे, तुमच्या शेतीच्या कार्यक्रमांचे. मी गप्प बसतो म्हणून दोन म्हातारी माणसे मला कशी घाबरून होती, तेही सांगितले. त्या माणसाची आणि माझी धड ओळखही नाही. ते आधी हसले, मग हळहळले, मग जांभई दाबत ऐकू लागले, आणि माझे बोलणे संपेना तेव्हा त्यांनीच हळूच म्हटले, "सर, बरणीवर ऊन आलं की."